चुलीतला विस्तव आणि संडासाचा गॅस

चुलीवरच्या जेवणाचं कौतुक करणारी माणसं भेटली की माझ्या डोक्यात तिडीक जाते. नागपूरला कुठल्याही लग्नात असा एक जण सापडतोच. ताट हातात धरून, डोळे मिटून म्हणतो, चुलीची चव गॅसला नाही. या बाबानं जन्मात एकदा तरी ओलं जळतन फुंकून पेटवलं असेल का? नाका-डोळ्यांतून पाण्याच्या धारा, केसांना, लुगड्याला, पांघरुणालासुद्धा तोच वास. माझी आई सकाळी न्हाणीत थुंकायची ती थुंकी काळपट असायची. मी ती पाहिलेली आहे, त्यामुळे चवीचं मला कोणी सांगू नये.

आमचं गाव कुरखेडा तालुक्यात, धानाची बांधी संपली की जंगल सुरू. घर बौद्ध मोहल्ल्याच्या अगदी टोकाला. मधे एक बोळ आणि बोळापलीकडे काकीचं घर. काकी आमची नात्याची नव्हे, जातीचीही नव्हे. पलीकडच्या शेतकरी वस्तीतलं ते पहिलं घर. पण ती आणि आई एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन गावात आल्या, एकाच झाडाखाली मोहफुलं वेचली, एकाच चिखलात रोवणी केली. दोघी एकमेकींना बाई म्हणायच्या. आणि एवढ्या वर्षांत काकी आमच्या घरचं घोटभर पाणी प्यायली नव्हती.

ती यायची विस्तव न्यायला. आमच्याकडे तशी पद्धतच होती, सकाळी ज्याची चूल आधी पेटली त्याच्याकडून बाकीच्यांनी निखारे न्यायचे आणि आपली चूल लावायची. पण ती पद्धत ज्याच्या-त्याच्या वस्तीपुरती. आमच्या मोहल्ल्यातून बाहेरचं कोणी विस्तव नेत नसे, काकी सोडून. तिचं म्हणणं असं की आगीला कशाचाच विटाळ नाही. पाण्याला आहे, चहाला आहे, भाताला आहे, आगीला नाही. कुठून आणलं होतं हे शास्त्र, तिलाच ठाऊक. भल्या पहाटे मातीचं खापर घेऊन ती आमच्या आंगणात पायरीवर बसायची. निखारे चांगले होईपर्यंत दोघींच्या गप्पा, सुनांच्या, म्हशींच्या, कोणाच्या बांधीत रानडुक्कर शिरलं त्याच्या. मग आई चिमट्यात निखारा धरून तिच्या खापरात टाकायची. वरून. चिमटा खापराला लागू द्यायचा नाही. मला कळायला लागल्यापासून ते वरून टाकणं आलं की मी तोंड फिरवायची. आईला काही वाटत नसे. निदान दिसत तरी नसे.

मग आईच्या छातीनं दगा दिला. हिवाळा आला की ती रात्रंदिवस खोकायची, आंगण झाडून झालं की भिंतीला टेकून उभी राहायची, ओठ निळसर. गडचिरोलीच्या डॉक्टरनं छातीला नळी लावून पाहिलं आणि विचारलं, बिडी किती ओढता. आई हसली. बिडी कुठली, चूल. डॉक्टर हसला नाही. धूर बंद करा, म्हणाला, नाहीतर आणखी फार हिवाळे निघायचे नाहीत. हे तो माझ्यासमोर आणि दादासमोर बोलला, आईसमोर नाही. आईनं मात्र आमची तोंडं पाहून घेतली.

दादा, माझा थोरला भाऊ, म्हणजे अंगात आलं की थांबायचा नाही असला प्राणी. सरकारी योजनेतून गोबरगॅस बसवायचं त्यानं ठरवलं. सिलिंडर त्या काळी आमच्या गावात कोणाकडे नव्हता. पण आमच्याकडे एक बैलजोडी आणि एक म्हैस, म्हैससुद्धा म्हातारी. एवढ्या शेणात स्वयंपाकही होणार आणि आंघोळीचं पाणीही तापणार, ते कसं जमावं? तेव्हा योजनेच्या माणसानं सुचवलं की संडास त्यालाच जोडा. सगळं एकाच टाकीत जातं, सडतं, गॅस तोच. दादाला ही कल्पना इतकी आवडली की तो गावभर सांगत सुटला. अरे, निदान गप्प तरी बसायचं!

खड्डा खोदला तोवर लोक मदतीला येत होते. टाकी पहिल्यांदा भरायला गाड्यांनी शेण लागतं, तेही लोकांनी दिलं. मी शाळा सुटल्यावर, तिथे मी मास्तरीण होते, लुगडं खोचून हौदात शेण-पाणी कालवायची. कोपरापर्यंत शेण, माशा तोंडावर, किडे बोटांना वळवळत. जेवताना हात तोंडाशी नेला की वास यायचा आणि मी ताटावरून उठायची. पण शेणाची कोणाला घाण वाटली नाही. मग ज्या दिवशी संडासाचा पाइप टाकीला जोडला, त्या दिवशी गावाची नाकं मुरडली ती कायमची. लोक मुद्दाम बोळातून जाताना पदर नाकाला लावत. विहिरीवर बायकांनी मला विचारलं, तुमच्या भाजीले वास येते का व? आरमोरीहून आमची सख्खी मावशी आली, ती आपल्याच रक्ताची, आपल्याच समाजाची, तीसुद्धा पोटात दुखतं म्हणून जेवली नाही. दिवसभर पिशवीतले मुरमुरे खात बसली. किळस यायची मला या लोकांची. उकिरड्याशेजारी सगळं गाव बसतं, बांधावर पाणी घेऊन जातं, तेव्हा कोणाला काही होत नाही.

खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी मीही शेगडीशी नाक नेऊन हुंगून पाहिलं. वास कसलाच नव्हता. निळी ज्योत, न आवाज न धूर. न्हाणीतही एक नळी नेली होती, तिथल्या शेगडीवर पाण्याचा मोठा गंज चढवला आणि आईनं आयुष्यात पहिल्यांदा न खोकता आंघोळीचं पाणी तापवलं. तिनं ज्योतीपुढे हात शेकले. बरं आहे, एवढंच म्हणाली. दादानं त्याच दिवशी घरातली चूल फोडली, माती घरामागच्या सांदवाडीत नेऊन टाकली. मला वाटलं, सुटलो.

पण गॅसला निखारा नसतो. ही गोष्ट आमच्या कोणाच्या ध्यानातच आली नव्हती. दुसऱ्या दिवशी काकी खापर घेऊन आली, पायरीवर बसली, आणि आईनं तिला सांगितलं की चूल नाही आता. काकी रिकामं खापर घेऊन उठली आणि गेली. त्यानंतर आली नाही. बोळातून जायची, नुसती मान हलवायची. गॅसवर पेटवलेली काडीही तिला चालली नसती. गावात राहायचं होतं तिला, आणि संडासाची आग घरात नेली म्हणून सुनांनी तिला घरात घेतलं नसतं. आई पहाटे उठून पायरीकडे तोंड करून बसून राहायची. मी म्हटलं, जाऊ दे ना, पाणीसुद्धा पीत नाही ती आपल्या घरचं.

तो हिवाळा बरा जाईल असं वाटलं होतं. थंडीत गॅस कमी होतो म्हणून दादानं टाकीच्या घुमटावर धानाच्या काडाची तणीस पसरली, रोज गरम पाण्यात शेण कालवलं, जीव टाकला त्या टाकीवर. आणि आईचा खोकला मात्र हटेना. उलट वाढला. गडचिरोलीला पुन्हा नेलं तर डॉक्टर आमच्यावरच डाफरला, की धूर बंद केलाच नाही तुम्ही. दादानं शपथ घेऊन सांगितलं, चूल फोडली साहेब. आई खाली मान घालून बसली होती. मी शेजारी बसले होते आणि मला तिच्या पदराला वास आला. धुराचा, ओल्या लाकडाचा.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी तिच्या मागोमाग उठले. बैलांच्या कोठ्यामागे, आम्हाला दिसू नये अशा आडोशाला तीन दगड मांडलेले होते. आई उकिडवी बसून फुंकणीनं फुंकत होती. फुंकायची, खोकायची, भिंतीला हात लावून श्वास घ्यायची, पुन्हा फुंकायची. आणि कुंपणाला टेकून, खापर मांडीवर घेऊन काकी बसली होती. दोघी गप्पा मारत होत्या. आई हसत होती. किती दिवसांनी हसताना पाहिली मी तिला. आणि मला त्या हसण्याचीसुद्धा चीड आली. निखारे झाले, आईनं चिमट्यानं एक उचलला आणि वरून खापरात टाकला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही बाई माझ्या आईचा जीव घेत होती, एका निखाऱ्यासाठी! माचिस काय मिळत नाही गावात? काकी उठून निघाली तशी मी तिच्या मागे निघाले. आज तिच्या दारात उभं राहून, तिच्या सुनांच्या देखत बोलायचं, जे व्हायचं ते होऊ दे.

तिच्या फाटकाशी पोचले आणि थांबले. काकी घरात गेलीच नव्हती. आंगणाच्या कोपऱ्यात राखेचा ढीग होता, तिथे ती वाकली आणि खापरातला निखारा तिनं राखेत उलटा केला. पायानं वर राख सारली. घरातून कुकरची शिट्टी झाली. उघड्या दारातून मला ओट्यावरची शेगडी दिसली आणि खाली लाल सिलिंडर. मुलानं आणला होता, आरमोरीहून, आणि आम्हाला पत्ता नव्हता. चुलीच्या जागी तांदळाचा डबा ठेवलेला. काकी वळली, तिनं मला पाहिलं. मला वाटलं, आता काहीतरी सबब सांगेल. ती फाटकाशी आली आणि हळूच म्हणाली, "तुह्या मायले नोको सांगू."

जे बोलायला गेले होते ते सगळं तोंडातच आंबलं. आई तिच्यासाठी छाती जाळत होती आणि ही तो विस्तव राखेत पुरत होती, घरात गॅस असताना. मला काकीची किळस आली, तिच्या सुनांची आली, त्या सगळ्या गावाची आली, जिथे दोन म्हाताऱ्यांना जवळ बसायला एक निमित्त लागतं आणि ते निमित्तही वरून टाकावं लागतं.

घरी आले. आई दगड हलवून निखारे विझवत होती. काकीनं नको म्हटलं होतं, पण मी सांगितलं. सगळं सांगितलं, सिलिंडर, कुकर, राखेचा ढीग. आईनं चिमटा खाली ठेवला.

"मले ठाऊक आहे," ती म्हणाली. "दिवाळीपासून शिट्टी ऐकू येऊन राह्यली."

"मंग पेटवतं काऊन?" मी ओरडलेच. "मरायचं आहे काय तुले?"

"मंग ते बाई येईन कशाले?"

चहाला बोलाव, मी म्हटलं. सरळ बोलाव, ये बाई, बस, चहा घे. आमच्या निळ्या ज्योतीवरचा चहा. एवढी वर्षं ओळख आहे, एवढं नाही व्हायचं तिच्याकडून? आईनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी शाळेत शिकवते ते सगळं फुकट.

"म्या बोलावलं तं तिले नाई म्हणा लागन," ती म्हणाली. "एकदा नाई म्हटल्यावर मंग कोणत्या तोंडानं येईन? म्हणून म्या कधी विचारलंच नाई."

पुढं बोलायला तिला खोकल्यानं जागा ठेवली नाही. मी तिची पाठ चोळत बसले. दादाला मी काही सांगितलं नाही. त्यानं दगड उचलून जंगलात फेकले असते, आणि आईनं दुसरे तीन आणले असते.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी आईच्या आधी उठले. तिला पायरीवर बसवलं, पांघरूण दिलं, धुरापासून लांब. काकी आली, मला कोठ्यामागे पाहून थबकली, मग मुकाट पायरीवर आईजवळ जाऊन बसली. मी फुंकणी घेतली आणि त्या घाणेरड्या धुरात तोंड घालून फुंकत बसले. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, तोंडात कडू. ज्या घरात गॅसची निळी ज्योत आहे त्याच घरात, राखेत पुरण्यासाठी निखारे करत बसले होते मी. पाठीमागे दोघी बोलत होत्या. आई खोकली नाही.

निखारे झाले तशी मी चिमट्यात एक धरून पायरीशी गेले. काकीनं माझ्याकडे न बघता खापर पुढं केलं. मी विस्तव वरून टाकला.