मनगटं झाकणारा शर्ट

सध्या माझी पोस्टिंग शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये आहे. पोस्टिंग म्हणायची सवय सुटत नाही. खरं तर मी एका गोदामाच्या गेटवर सिक्युरिटी सुपरवायझर आहे. उम्म अल कुवैनच्या खोलीवरून पहाटे कंपनीची बस, बारा तासांची ड्यूटी, परत बस. फौजेत पेन्शन बसेपर्यंत उभा राहिलो, इथे धाकटीचं शिक्षण संपेपर्यंत उभा आहे. पाय दुखतात. मूळचा दापोलीकडचा, नाव इस्माईल, हवालदार म्हणून निवृत्त झालो.

शनिवारी तुषारचा फोन आला. तुषार म्हणजे माझ्या पलटणीतल्या दत्तारामचा मुलगा. दत्ताराम साताऱ्याकडचा, लान्स नायक. तो गेला तेव्हा हे पोर रांगत होतं. आता दुबईच्या जबल अलीत एका गोदामात कामाला आहे, लेबर कॅम्पात राहतो. त्याची कंपनी बंद व्हायला आली होती. व्हिसा संपला की गाव, आणि गावी आई आणि अर्धवट बांधलेलं घर. आमच्या शेजारच्या फॅक्टरीत असिस्टंट सेफ्टी ऑफिसरची जागा रिकामी होती. त्याचं नाव मीच तिथल्या ॲडमिन मॅनेजरच्या कानावर घातलं होतं.

"काका, इंटरव्ह्यू सोमवारी सकाळी आहे. फॉर्मल्समध्ये या म्हणालेत. टाय पण."

"मग?"

"शर्ट नाही."

"विकत घे."

"काका, मला कुठलाच शर्ट होत नाही."

पोरगा सहा फूट चार इंच आहे आणि हात थेट बापाचे. आपल्याकडे अशा माणसाला आजानुबाहू म्हणतात. पोवाड्यात शोभतं ते, दुकानात नाही.

रविवारी दोघांनाही सुट्टी होती. शारजात रोल्याच्या बाजारात भेटलो. पहिल्या दुकानात गळा बरोबर बसला, पण बाही मनगटाच्या चार बोटं वर. दुसऱ्याने डबल एक्सेल काढला. बाही तरीही अपुरी, आणि अंगात अजून एक तुषार मावेल एवढी जागा. मग मॉलमध्ये गेलो. तिथे 'टॉल' लिहिलेला शर्ट मिळाला. त्याची खालची बाजू लांब होती, बाही तेवढीच. उंच माणसाचं फक्त पोट लांब असतं, असा शिवणाऱ्याचा समज असावा. तुषार प्रत्येक वेळी ट्रायल रूममधून बाहेर यायचा, हात पुढे करायचा आणि माझ्याकडे बघायचा. दुपारपर्यंत मी पार थकलो. गेटवर उभं राहणं परवडलं.

शेवटच्या दुकानातला सेल्समन भला माणूस होता. म्हणाला, "अंकल, टेन्शन क्यूँ लेते हो? स्लीव्ह फोल्ड करो, यल्ला. फॅशन है."

तुषारने बाह्या दुमडल्या.

"खाली कर," मी म्हणालो.

"काका, हे चालेल. ऑफिसमध्ये सगळे..."

"स्लीव्ह डाउन!"

आवाज परेड ग्राउंडवरचा निघाला. दुकानातली माणसं वळून बघू लागली. तुषारने गुपचूप बाह्या खाली केल्या, शर्ट काढून काउंटरवर ठेवला आणि मला दंडाला धरून बाहेर आणलं. समोरच्या टपरीवर दोन कडक चहा घेतले. तो म्हणाला, "काका, काय झालं?"

त्याला एवढंच ठाऊक होतं की बाप ड्यूटीवर असताना तापाने गेला. बाकीचं मी कधी बोललो नव्हतो. त्या दिवशी सांगितलं.

ईशान्येला, डोंगराच्या पायथ्याशी जंगलात आमची पोस्ट होती. तिथे शत्रूपेक्षा डास जास्त. सूर्य मावळला की हुकूम असायचा: स्लीव्ह डाउन. पूर्ण बाही, कफचं बटण बंद, उघड्या कातडीला डासांचं तेल. रोज संध्याकाळी रोल कॉलला तपासणी. दत्तारामला स्टोअरमधला सगळ्यात मोठा शर्ट मिळाला होता. बाही ओढली की खांद्याची शिवण उसवायची, सोडली की मनगट उघडं पडायचं. स्टोअरचा हवालदार म्हणायचा, "तेरे साइज का आदमी सरकार ने मंजूर ही नहीं किया." आम्ही हसायचो. दत्ताराम आमच्यापेक्षा जोरात हसायचा.

मग त्याने जुनं बनियन फाडून मनगटांना पट्ट्या गुंडाळायला सुरुवात केली. काम चोख झालं. पण नवे सुभेदार साहेब आले. रोल कॉलला त्याच्यासमोर थांबले.

"ये क्या फॅशन है? उतारो."

"साब, मच्छर..."

"उतारो."

दत्तारामने पट्ट्या काढल्या. हुकूम तो हुकूम.

त्याच महिन्यात त्याला ताप भरला. पहिल्या दिवशी गोळ्या घेऊन संत्रीची ड्यूटी केली. तिसऱ्या दिवशी तो माणसं ओळखेना. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. आमच्या सिग्नलवाल्याने हेलिकॉप्टर मागायला वायरलेस सेट लावला.

"पेशंट सीरियस. हेली कब? ओव्हर."

"मौसम खराब. हेली निगेटिव्ह. पैदल लाओ. ओव्हर."

सकाळी सहाला स्ट्रेचर उचललं. पुढचा दांडा माझ्या खांद्यावर होता. उताराची वाट, गुडघाभर चिखल. स्ट्रेचर त्याला पुरत नव्हतं, पाय बाहेर लोंबत होते आणि हात दोन्ही बाजूंनी झाडोऱ्याला घासत होते. ओढ्याजवळ विसाव्याला थांबलो तेव्हा तो शुद्धीवर आला. म्हणाला, "इस्माईल, हात झाक रे. गारठलेत."

मी माझे मोजे काढले आणि त्याच्या हातांत कोपरापर्यंत चढवले. त्याला बरं वाटलं असावं. सडकेला लागायच्या आधीच तो गेला. मलेरिया डोक्यात चढला होता, असं डॉक्टर म्हणाले. डास मनगटालाच चावला कशावरून? मानेला चावला असेल, तोंडाला चावला असेल. मला हे कळतं. पण मन मानत नाही, आणि इतक्या वर्षांत मानलेलं नाही.

तुषारने चहा संपवला. मग म्हणाला, "चला काका. अजून बघू."

"दुकानं खलास," मी म्हणालो. "आता शिंपी."

उम्म अल कुवैनला हसन नावाचा शिंपी आहे, म्हसळ्याचा. अरबांचे कंदुरे शिवतो, खांद्यापासून घोट्यापर्यंतचे झगे. आम्ही पोचलो तेव्हा दुकानात कपड्यांचा ढीग लागला होता.

"हवालदार, मी शर्ट शिवत नाही. आणि बकरी ईद तोंडावर आलीय."

"सौदी पद्धतीचा कंदुरा शिवतोस ना? कॉलरवाला, कफवाला?"

"तो शिवतो."

"मग तोच शीव. मांडीशी काप. खालचा भाग पँटीत जाईल, पुढची पट्टी टायखाली जाईल. कोण उघडून बघतोय?"

हसन आधी हसला, मग विचारात पडला. "जमेल की! पण डोक्यातून घालावा लागेल. कधी हवाय?"

"उद्या सकाळी घालायचाय."

"नाही हबीबी. तीन दिवस."

"हसन, याचा बाप माझ्या खांद्यावर गेला."

हसनने गळ्यातला टेप काढला आणि तुषारचा हात आडवा धरला. "या अल्ला, हा हात आहे की वल्हं?" म्हणाला. मग म्हणाला, "संध्याकाळी या. इन्शाल्ला नाही, नक्की या." पैसे विचारले तर नव्वद दिरहम म्हणाला. "म्हणजे दोन हजारांच्या वर गेले," तुषार पुटपुटला आणि पाकिटात हात घातला. मी त्याचा हात धरला.

सोमवारी साडेआठला तो माझ्या गेटसमोर उभा राहिला. पांढरा शर्ट, निळा टाय. मी सवयीने इन्स्पेक्शन केलं. कॉलर ठीक. खांदे ठीक. "हात पुढे," म्हणालो. त्याने दोन्ही हात ताणून पुढे केले. कफ मनगटाच्या हाडावर होता, तिथून हलला नाही. "जा," एवढंच म्हणालो.

तासाभराने आला तो म्हणाला, "कळवतो म्हणालेत." तीन दिवस दोघांनाही झोप नव्हती. गुरुवारी दुपारी फोन आला. नोकरी लागली होती. नवी कंपनी व्हिसा करणार होती.

"आईला इंटरव्ह्यूच्या दिवशीचा फोटो पाठवला," तुषार म्हणाला. "रडायला लागली ती."

"आनंदानं रडली असेल."

"नाही. म्हणाली, तुझ्या बापाला लग्नात पण असा शर्ट मिळाला नव्हता. सगळ्या फोटोंत हात पाठीमागे लपवलेत त्यांनी."

मी फोन ठेवला. गेटवर ट्रेलर आला होता, तो आत घेतला, नंबर लिहिला. मग केबिनमध्ये जाऊन बसलो आणि रडलो. फौजेत नव्हतो रडलो.

आमच्या पलटणीत शहिदांचा दगड आहे. लढाईत पडलेल्यांची नावं त्यावर कोरलेली आहेत, आणि ती असायलाच हवीत. तापाने गेलेल्यांसाठी त्यावर जागा नाही. म्हणून मी इथे लिहून ठेवतो. लान्स नायक दत्ताराम, जिल्हा सातारा. चांगला सैनिक होता. हुकूम मिळाला तेव्हा पट्ट्या काढल्या आणि त्या संध्याकाळी उघड्या मनगटांनी ड्यूटीवर गेला.