कोऱ्या कोटावरची हळद

गडहिंग्लजच्या एसटी स्टँडवर त्या सकाळी दाट धुकं होतं आणि माझ्या अंगात कोरा शर्ट होता. बेंगळुरूजवळ बोम्मसंद्र्यातल्या एका कारखान्यात मला नोकरी लागली होती. बाबांनी पिशवी माझ्या मांडीवर ठेवली, खाली उतरले आणि खिडकीशी येऊन म्हणाले, "नीटनेटका राहा. परमुलखात माणसं आधी कापड बघतात."  त्यांच्या शेजारी उभ्या आईचं सांगणं घरी देवापुढंच झालं होतं, शर्टाच्या कॉलरला आतून हळदीचं ओलं बोट लावताना. आमच्याकडे कोरं कापड तसंच अंगावर चढवत नाहीत. आधी कुठल्यातरी कोपऱ्याला हळद लागते, मग ते आपलं होतं. गाडी हलली. ती दोघं धुक्यात पुसट होत गेली आणि मानेला ते ओलं बोट बेळगावपर्यंत जाणवत राहिलं.

तुमच्यापैकी जे गावीच राहिले आणि जे माझ्यासारखे निघून आले, त्या सगळ्यांना मला एक गोष्ट सांगायची आहे. कपड्यांची आहे, म्हणून क्षुल्लक समजून आजवर टाळली. खरं तर लाजेनं टाळली.

बाबा गेल्यावर आईला मी इकडे आणलं. तोवर आम्ही सर्जापूर रोडवर अकराव्या मजल्यावर राहायला आलो होतो. सकाळी खिडकीबाहेर ढग उतरलेले असतात, त्यांतून अर्ध्या बांधलेल्या इमारतींची टोकं तेवढी वर आलेली दिसतात. आई तिथं उभी राहून म्हणायची, "खाली गाव आहे का नाही, कळतच नाही बघ." पण ती रुळली. माझी बायको वैशाली ऑफिसला गेली की स्वयंपाकघर आईचं. डबे तिनं तिच्या मनासारखे लावून टाकले. शेजारच्या अक्कांशी सीमेवरच्या मोडक्या कन्नडात तिच्या तासन्‌तास गप्पा चालायच्या. बाबा गेल्यावर तिनं कुंकू सोडलं होतं, पण कोऱ्या कापडाला हळद लावायचं सोडलं नव्हतं. माझे मोजे, वैशालीचे कुर्ते, एकदा तर सोफ्याचं कव्हर. कोपऱ्यात कुठंतरी पिवळा ठिपका असायचाच.

मग कंपनीनं मला जर्मनीला पाठवायचं ठरवलं, आणि पहिल्यांदाच बिझनेस क्लासनं. माझ्या डोक्यात एकच प्रश्न भिरभिरू लागला. तिथं घालतात काय? ऑफिसातल्या एकानं सांगितलं, सैल कपडे घाल, थरावर थर, काढता-घालता आले पाहिजेत. बूट लेसचे नकोत. अत्तर नको, शेजारच्याला त्रास होतो. मोजे मात्र चांगले हवेत, कारण बूट काढून बसायचं असतं. मी हे सगळं ऐकलं आणि जयनगरला जाऊन फिक्या पांढऱ्या लिननचा कोट शिवायला टाकला. दुकानदार आपलाच, मराठी, पूर्वज चार पिढ्यांपूर्वी इकडे आलेले. मापं घेताना म्हणाला, "अण्णा, स्वल्प खांदे सैल सोडा. लग्न कुणाचं?"

मी म्हणालो, "विमानात घालायचाय."

त्यानं टेप खाली घेतली. "विमानात कोण बघतंय अण्णा?" मग माझा चेहरा पाहून, "सरी, सरी, बरं. शिवू या झकास."

मला वाटलं, याला काय कळतंय.

निघायच्या दिवशी दुपारी कोट घालायला घेतला, तर कॉलरखाली पिवळा डाग. आईनं नेहमीसारखं आतूनच बोट लावलं होतं, पण कापड विरळ, हळद बाहेर फुटली होती. टॅक्सी खाली येऊन थांबली होती. मी ओरडलो. आईनं माझ्या हातातून कोट घेतला, बेसिनपाशी नेला आणि साबण चोळला. डाग लालभडक झाला. साबण लागला की हळद लाल होते, हे जन्मभर लुगडी धुतलेल्या बाईला माहीत नव्हतं असं नाही. माझा आवाज ऐकून ती विसरली. आणि तिचे हात ओले असताना मी म्हणालो, "घरातल्या प्रत्येक वस्तूला हात लावायलाच पाहिजे का तुला? विचारत जा ना आधी."

ती म्हणाली, "बरं."

मी जुना निळा स्वेटर घालून गेलो. विमानात माझ्या शेजारच्या माणसाच्या टी-शर्टाला काखेत भोक होतं. पलीकडची बाई पायजम्यात होती. पूर्ण केबिनमध्ये कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. नटूनथटून आलेला एकच तरुण होता, टाय बांधून, पाठ ताठ करून बसलेला. त्याची ती पहिलीच वेळ असणार. मग दिवे निळे झाले, खुर्चीची गादी झाली आणि मी अरबी समुद्रावर कुठंतरी आडवा झालो. खाली पाणी की ढग, कळत नव्हतं. अर्धवट झोपेत वाटत राहिलं की हे विमान नाही, आमच्या माडीवरची बाज आहे, खाली आई भांडी लावते आहे, आणि आता ती हाक मारील. हाक आली नाही. मी पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.

परत आलो तर आई तशीच होती. शिरा केला होता, हसून बोलली. मला वाटलं, विसरली. मग संध्याकाळी तिनं विचारलं, "टीव्ही लावू का?" दुसऱ्या दिवशी, "फ्रिज उघडू का रे? कोथिंबीर घ्यायची होती." खिडकी लावू का, गीझर चालू करू का, अक्कांना चहाला बोलावू का. रागानं नव्हे, अगदी साध्या आवाजात, लॉजवर उतरलेलं माणूस विचारतं तसं. मी म्हणायचो, "आई, विचारतेस काय, तुझंच घर आहे." ती म्हणायची, "बरं," आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारायची. मी माफी मागितली तेव्हा "कशाची रे?" म्हणून तिनं माझ्याच पाठीवरून हात फिरवायला हात उचलला आणि अर्ध्यावर थांबवला. डब्यांच्या जागा वैशालीनं पुन्हा स्वतःच्या जुन्या पद्धतीनं लावून घेतल्या.  दोन वर्षं घरात कुठंही पिवळा ठिपका दिसला नाही.

यंदा सिंगापूरच्या माझ्या बहिणीनं आईला बोलावलं. माझे विमानप्रवासाचे मैल साठले होते, त्यांवर मी दोघांची तिकिटं पुढच्या केबिनची काढली. आदल्या आठवड्यात आई दारात येऊन उभी राहिली. "काय घालू?"

"तुला हवं ते घाल."

"तसं नको. तिथं काय चालतं ते तू सांग."

मला सगळं पाठ होतं. सैल कपडे, थरावर थर, अत्तर नको. मी नुसता बॅगेची चेन उघडझाप करत राहिलो. शेवटी वैशाली म्हणाली, "आई, लुगडंच नेसा. तुमच्याएवढं आरामात तिथं कुणी बसणार नाही." आईनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मान हलवतानाही वाटलं, ही परवानगी मी कोण देणारा?

सकाळचं विमान. आई नऊवारीत, वर बाबांचा करडा स्वेटर, पायात कॅनव्हासचे बूट. हवाई सुंदरी तिच्यापुढं गुडघ्यावर बसून विचारू लागली, ज्यूस हवा की पाणी. आई माझ्याकडे बघत म्हणाली, "घेऊ का?"  मी मुद्दाम नुसता सुती शर्ट घालून आलो होतो, कोट नको, काही नको, जणू त्यानं फिट्टंफाट होणार होती. वरच्या झरोक्यातून गार हवा सरळ मानेवर येत होती. ढगांच्या वर ऊन पसरलं होतं, आई खिडकीला कपाळ टेकवून बसली होती, आणि मला एकामागून एक शिंका यायला लागल्या. कानात दडे बसले.

आईनं वळून बघितलं. बटवा उघडला, वातींचा कापूस काढला, दोन बोळे केले आणि माझ्या दोन्ही कानांत घातले. मी मागं सरकलो तशी म्हणाली, "गप बस की. हलू नको." मग स्वतःचा लोकरी स्कार्फ काढून माझ्या डोक्याला गुंडाळला आणि हनुवटीखाली घट्ट गाठ मारली. पलीकडच्या रांगेतला माणूस लॅपटॉपवरून मान वर करून बघतच राहिला. समोरच्या बंद स्क्रीनच्या काळ्या काचेत मला मी दिसलो, पन्नाशीचा, केस पिकलेला, डोकं बांधलेला. मी गाठ सोडली नाही.

तिनं विचारलं नव्हतं.

लोक मला विचारतात, घर कुठलं, गडहिंग्लज की बेंगळुरू. इतकी वर्षं मी जागांचीच नावं सांगत आलो. आता वाटतं, जिथं आपलं माणूस आपल्याला विचारत बसत नाही, तेवढीच जागा घर. माझ्या हातानं मी ती घालवली होती. पुरती परत मिळाली असं म्हणत नाही; सिंगापुरात उतरल्यावर सरकत्या जिन्यापाशी तिनं मला पुन्हा "चढू का?" असं विचारलंच. पण ते नंतर. तेव्हा आम्ही ढगांवर होतो, सगळीकडे पांढरं ऊन होतं आणि आई खिडकीबाहेर बोट दाखवून मला काहीतरी सांगत होती. कानात कापूस, मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. मी तिच्या हलणाऱ्या ओठांकडे बघत होतो आणि प्रत्येक गोष्टीला हो म्हणत होतो.