शालनचे केक आणि बापूशेठची अट

बेकरीत ट्रे आपटला की चुरा पडतो. रोज झाडा, रोज पडतो. कोपऱ्यातला राहतोच, आणि एक दिवस बघाल तर ढीग! माझ्या डोक्यात अशाच गोष्टी साठल्यात. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, मला ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही आणि आता कळून घ्यायचंही नाही. पण हल्लीची पोरं मोबाईलवर केकचे फोटो दाखवतात आणि विचारतात, "तात्या, असा केक कधी बघितलात का?"

बघितला काय मेल्यांनो! तुमच्या आया फ्रॉक घालून फिरत होत्या तेव्हा आमच्या रत्नागिरीत शालन असे केक करायची. आणि केक भाजायचो मी. वरची सजावट सगळे बघतात, खालचा केक कोणी बघत नाही. असो.

*

शालन यायच्या आधी केकवरचे गुलाब मी काढायचो. भट्टीत पाव लावले की हात धुवायचे, बटरपेपरचा कोन करायचा आणि गुलाबी क्रीम पिळायचं. मधे एक गुलाब, कोपऱ्यात चार, खाली नाव. मुलगा असो, मुलगी असो, म्हाताऱ्याची साठी असो, गुलाब तेच! गिऱ्हाईक बोलायचं नाही, कारण बोलून जाणार कुठे?

मग मुंबईत गिरण्या बंद पडल्या. शालनचा नवरा पत्र्याची ट्रंक घेऊन गावाला येऊन बसला. घरात म्हातारा सासरा, शाळेत जाणारी दोन पोरं. कमावणारं कोणी नाही. म्हणून ही बेकरीत काम मागायला आली. हिच्या बापाची गणपतीची शाळा होती, मूर्ती करायचा कारखाना. लहानपणापासून हिचे हात मातीत.

आमचे मालक बापूशेठ. त्यांनी विचारलं, "केक केलायस कधी?"

"नाही."

"खाल्लायस?"

"एकदा."

"मग तुला येतं काय?"

शालनने समोरच्या ट्रेकडे बघितलं. माझा केक होता. म्हणाली, "हा कोबी आहे ना, त्याचा गुलाब करता येतो."

मी उलथनं घेऊन उठलोच! बापूशेठ मात्र पोट धरून हसले आणि तिला ठेवून घेतली. पण अट घातली, "एक तक्रार आली की त्याच दिवशी घरी. दुसरी संधी नाही. माझ्या दुकानाचं नाव आहे."

शालन म्हणाली, "कोन कुठे आहेत?"

तीन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. चौथ्या दिवशी तिने गुलाब काढला. पाकळीची कड बाहेर वळलेली, खऱ्यासारखी. मी कोन तिच्याकडे दिले आणि भट्टीकडे गेलो.

*

लोण्याचं क्रीम मऊ, त्यात नाकडोळे टिकत नाहीत. म्हणून बारीक साखर, जिलेटीन आणि ग्लिसरीन घालून कणकेसारखा गोळा मळायचा. त्याला आता फॉन्डंट म्हणतात. आम्ही साखरेची कणीक म्हणायचो. शालन म्हणायची 'माती'. गिऱ्हाइकासमोरसुद्धा! "बाई, आणखी थोडी माती लावू का?" बापूशेठ गल्ल्यावरून डोळे वटारायचे.

सगळं झालं की ती डोळे शेवटी काढायची. बापाच्या शाळेतली सवय. ससा असो नाहीतर माकड, खोका बांधायची वेळ आली की मगच डोळे. मी एकदा विचारलं, "काय गो, आधी काढले तर काय झिजतात?"

"डोळे आले की तो बघायला लागतो, तात्या. आणि तुमच्या तोंडात सकाळपासून शिव्या."

मी म्हटलं, साखरेच्या सशाला शिव्या कळतात होय! पण खरं सांगतो, त्या दिवसापासून डोळे काढलेला केक टेबलावर असला की मी शिव्या द्यायला मागच्या दारी जायचो. एकदा पावांचा अख्खा ट्रे जळला आणि नेमकं टेबलावर माकड बघत बसलेलं! विहिरीपर्यंत जावं लागलं.

*

मे महिन्यात एका डॉक्टरीणबाईंनी बाहुली सांगितली. उभी बाहुली, घेरदार झगा. झगा म्हणजे आत केक आणि वरून क्रीमच्या झालरी, कमरेच्या वर साखरेची कणीक. मी आणि शालन रिक्षाने निघालो, केक माझ्या मांडीवर. उकाडा असा की माझाच शर्ट अंगाला चिकटलेला. चढावर रिक्षा अडकली आणि झगा घसरायला लागला. झालरी खाली, बाहुली मागे! मी म्हटलं, "शालन, परत फिरूया. आज तुझी नोकरी गेली."

 केक माझ्या मांडीवर असतानाच तिने क्रीम सारखं करायचं पातं काढलं. घसरलेला झगा तिने पुढे पसरवला, बाहुलीची कंबर वाकवली, एक हात टेकवला. बंगल्यावर पोचेपर्यंत बाहुली आरामात बसलेली!

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मी उभी सांगितली होती."

शालनने कपाळाचा घाम पुसला. "इतक्या उकाड्यात तुम्ही राहाल का उभ्या?"

डॉक्टरीणबाईंनी आधी आम्हाला सरबत दिलं, मग मेणबत्त्या शोधायला गेल्या.

*

हातखंब्याचा एक ट्रक ड्रायव्हर होता. पोराला बापाचा ट्रक पाहिजे, दुसरं काही नको. शालन म्हणाली, "ट्रक आणून उभा करा, बघते." बाजारात माल उतरवायला आला तेव्हा हिने दोन फेऱ्या मारून बघितला. नुसता बघितला हो, कागद नाही, पेन्सिल नाही.

केक काय झाला होता! हिरवी ताडपत्री, नंबर, मागची लाल-पिवळी वेलबुट्टी, आरशाला बांधलेली लिंबू-मिरची, सगळं साखरेचं. ड्रायव्हर न्यायला आला. आधी हसला, मग डाव्या बाजूला वाकला आणि एकदम पांढरा पडला.

"हा पोचा कोणी काढायला सांगितला?"

"आहे ना तुमच्या गाडीला," शालन म्हणाली. "मडगार्डच्या वर."

"आहे हो! पण मालकाला अजून माहीत नाही! मालक येणार आहे वाढदिवसाला!"

बापूशेठ लगेच खुर्चीतून अर्धे उठले. "तक्रार आहे का?"

ड्रायव्हरने एकदा शालनकडे बघितलं, एकदा केककडे. मग म्हणाला, "तक्रार कसली? चूक काढायला जागा कुठे आहे?" आणि खोका उचलून गेला.

दुसऱ्या दिवशी कळलं. पोराने मेणबत्ती विझवली न विझवली तोच बाप ओरडला, "डाव्या बाजूचा तुकडा मला!"

*

शिमग्यात एक चाकरमानी मुंबईहून आला. पुतण्याचा वाढदिवस होता आणि पुतण्याला संकासूर पाहिजे! आमच्याकडे नमन-खेळ्यात नाचतो तो. काळा डगला, उंच टोपी, लाल जीभ. काकाने खूप समजावलं, "बाळा, ससा घे, मोटार घे." पोरगा हटेना.

बापूशेठ म्हणाले, "काळा केक? अरे, शुभ दिवस आहे!"

शालन म्हणाली, "शिमग्यात संकासूर दारात आला तर नारळ देता ना? मग केकवर आला तर काय झालं?"

काळा रंग आम्हाला मिळायचा नाही. तिने साखर जाळली, कोको घातला, पुन्हा जाळली. माझी दोन पातेली गेली! पण रंग आला, असा काळा की दिवा लावून शोधावा. त्यावर पांढरी दाढी आणि घशापासून बाहेर काढल्यासारखी लाल जीभ. मी भट्टीवरचा माणूस, पण मान वळवली की दचकायचो.

पोरगा खूश झाला. सगळ्या वाडीने केक खाल्ला. मग फोटोग्राफर म्हणाला, "हसा!" आणि पन्नास माणसं तोंड मिटून उभी! सगळ्यांचे दात काळे. फोटो आला तो असा, जसं काही घरात कोणी वारलंय. एकटा पुतण्या पडलेल्या दातांच्या फटी दाखवून हसतोय.

काका बेकरीत फोटो घेऊन आला तेव्हा मला वाटलं, आली तक्रार! पण तो म्हणाला, "आमची आत्या आणि मोठी काकू बारा वर्षं बोलत नव्हत्या. दात बघून एकमेकींना हसल्या. आता थांबतच नाहीत. याची तक्रार कुठे करू?"

बापूशेठ म्हणाले, "त्याची तक्रार घरी."

*

अशी दोन वर्षं गेली. पार पोफळीच्या वीजघराच्या कॉलनीतून माणसं एसटीने केक न्यायला यायची. पण बापूशेठची अट काही उठली नाही. मी एकदा म्हटलं, "शेठ, आता सोडा की." म्हणाले, "अट आहे म्हणून हात नीट चालतो." मी म्हटलं, तुमचं डोकं. तोंडावर म्हटलं. शालन मान खाली घालून पाकळ्या काढत राहायची. तिच्या नवऱ्याला अजून काम नव्हतं आणि थोरला पोरगा हायस्कुलात गेला होता.

त्यातच भाट्याकडची एक बाई आली. नवरा बोटीवर खलाशी. पोराला पाच वर्षं पुरी होणार होती आणि बाप गेला तेव्हा ते दोन वर्षांचं. बाईने फोटो दिला. "बोट करा आणि बोटीवर हे उभे करा. पोराला बापाचा चेहरा आठवत नाही."

शालनने तो वीतभर माणूस करायला चार दिवस घेतले. मी तिला एका कानासाठी अर्धी दुपार घालवताना बघितलं. जाड मिशी, तिरकी टोपी, एक खांदा जरा वर. बाई न्यायला आली आणि काउंटरला धरून उभीच राहिली. म्हणाली, "खांदा फोटोत दिसत नाही. तुम्हाला कसा कळला?"

शालन म्हणाली, "मान तशी आहे ना. मग खांदा वरच असणार."

पोरांनी बोट खाल्ली. बाप कोणाला खाऊ दिला नाही. बाईने तो काचेच्या बरणीत तांदळात ठेवला, ओल धरू नये म्हणून. पोरगं रोज सकाळी त्याला बाहेर काढायचं, एकदा चाटायचं आणि परत ठेवायचं.

चार महिन्यांनी एक उंच माणूस पोराला पुढे घालून दुकानात आला. जाड मिशी, एक खांदा वर. मी भट्टीवरून ओळखला!

"केकवरचा माणूस कोणी केला? माझी तक्रार आहे."

बापूशेठ उभे राहिले. आतल्या टेबलावर शालनने कोन खाली ठेवला.

"तीन वर्षांनी घरी आलो," तो माणूस म्हणाला. "आठ दिवस झाले. पोरगं जवळ येत नाही. म्हणतं, 'तुम्ही कोण? माझे बाबा बरणीत आहेत!' रोज सकाळी मला सोडून बरणीकडे जातं. माझा डावा कान संपवलान, आता नाकावर आलंय! आणि मी समोर उभा आहे तर हात लावू देत नाही. हे काय करून ठेवलंत बाई तुम्ही?"

 बापूशेठनी शालनकडे बघितलं. मला शिव्या द्यायला मागच्या दारी जायचं होतं.

शालनने हात धुतले, पदराला पुसले आणि पुढे आली. खलाशाकडे बघितलंच नाही. पोरासमोर उकिडवी बसली.

"काय रे, ह्या बाबांना चाटून बघितलंस?"

पोराने मान हलवली. नाही.

"मग तुला कसं कळलं, हे बाबा नाहीत ते?"

पोरगं विचारात पडलं. मान वर करून बापाकडे बघितलं. बाप उन्हातून चालत आलेला, मनगटापर्यंत घामाने ओला. पोराने त्याचा हात दोन्ही हातांनी धरला, तोंडाजवळ नेला आणि चाटला.

"खारट!"

बापूशेठनी घसा खाकरला. "हां, तर तुमची तक्रार..."

"थांबा हो जरा," खलाशी म्हणाला.

पोरगं दुसरा हात मागत होतं.