माझी आई होममेकर नाही

"माय मदर इज अ होममेकर," सर म्हणाले. "म्हणा सगळ्यांनी."

सगळ्यांनी म्हटलं. मी तोंड मिटून बसले. सावंतवाडीच्या बाजारात लाकडी खेळण्यांच्या एका दुकानावर माडी होती, तिथे हा क्लास चालायचा. खाली लाकडाच्या आंब्या-केळ्यांना रंग लावायचे आणि वर आम्हाला. त्या रंगाचा वास जिन्यातून थेट आमच्या बाकांपर्यंत यायचा.

"सिस्टर, तुमचं काय?" सरांनी विचारलं. मी त्याच गावातल्या एका खासगी हॉस्पिटलात नर्स होते, म्हणून मी त्यांची सिस्टर.

"माझी आई मासे विकते, सर."

"विकत असेल हो. पण परीक्षेत तसं नाही सांगायचं. इम्प्रेशन जातं. फिश म्हटलं की समोरच्याला आधी वास येतो."

वर्ग हसला. माझं डोकं सटकलं. होममेकर म्हणे! माझ्या आईला दिवसाउजेडी घरात टेकलेली कुणी बघितली असेल तर त्याने पुढे यावं, मी त्याला शाल-श्रीफळ देते. आमचं गाव मिठबाव. आई सकाळी किनाऱ्यावर मासळी घ्यायची, पाटी भरायची आणि पहिल्या एस्टीने वरच्या गावांत जाऊन दारोदार विकायची. कंडक्टर पाटी टपावर टाकायला लावायचा. मग ही बाई प्रत्येक वळणावर खिडकीतून मान बाहेर काढून वर बघायची, पाटी आहे की गेली. अशी आमची होममेकर.

सरांवर चिडून मी तेव्हाच उठून गेले नाही, कारण मला त्या परीक्षेची गरज होती. इंग्लंडातल्या एका हॉस्पिटलाने मला घ्यायचं कबूल केलं होतं. लिहिण्या-वाचण्याची परीक्षा मी पास झाले होते. इंग्रजी बोलण्याची तेवढी राहिली होती, आणि ती होईपर्यंतच ते माझी जागा धरून ठेवणार होते. लोक विचारायचे, घरच्यांसाठी जातेस का? नाही. मला जायचं होतं म्हणून मी जाणार होते. मुलगी असं म्हणाली की लोकांच्या कपाळावर आठ्या पडतात. पडू देत.

त्या परीक्षेत एका खोलीत तुम्ही आणि परीक्षक, दोघंच असता. आधी तो तुमच्याबद्दल विचारतो, मग एक चिठ्ठी देतो, आणि तीवरच्या विषयावर तुम्ही एकट्याने बोलायचं. सरांनी नमुन्याचे प्रश्न आणि उत्तरं यांच्या झेरॉक्स काढून वाटल्या होत्या. फावल्या वेळात काय करता? आय रीड नॉव्हेल्स. वडील काय करतात? बिझनेसमन. गाव कोणतं? इथे सरांनी मला मुद्दाम बजावलं, "मिठबाव कुणाला माहीत? सावंतवाडी सांगा. राजवाडा, तळं, बोलायला मटेरियल आहे." आणि मिळालेल्या भेटवस्तूबद्दल विचारलं तर आजोबांनी दिलेलं सोन्याचं घड्याळ. अख्ख्या वर्गाला एकच आजोबा, एकच घड्याळ. सर एक वाक्य म्हणायचे आणि आम्ही देवळातल्या गाऱ्हाण्यात 'व्हय म्हाराजा' म्हणतात तसे मागून म्हणायचो.

पहिल्या वेळी पणजीला परीक्षेला गेले ती हे घड्याळ घेऊनच. परीक्षक एक वयस्क बाई होत्या. चिठ्ठी नेमकी भेटवस्तूचीच निघाली. मी मनात म्हटलं, देव पावला. घडाघडा बोलले. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या घड्याळाचा पट्टा कसा होता?"

आता पट्टा झेरॉक्समध्ये कुठे होता? माझे आजोबा मी बघितलेसुद्धा नव्हते. बाई थांबल्या, हसल्या, आणि तिथेच माझी ती परीक्षा बुडाली. परतीच्या बसमध्ये मी हद्दीवरच्या बांद्यापर्यंत रडले आणि बांद्यानंतर चिडले. त्या कागदांचा बोळा केला आणि खिडकीतून फेकला.

आता फक्त एक संधी उरली होती. या वेळी नापास झाले तर जागा दुसरीला जाणार, तसं त्यांनी कळवलंच होतं.

मी ठरवलं, खोटं बोलायचंच नाही. आपलं आहे ते सांगायचं. क्लासमध्ये सरांना म्हटलं, मला काहीही विचारा, मी खरी उत्तरं देते. सर म्हणाले, बरं.

"आर यू अ गुड नर्स?"

"नो नो सर, नथिंग लाइक दॅट."

"तुमचं गाव सुंदर आहे का?"

"ठीक आहे."

"आई जेवण छान करते?"

"साधंच असतं."

वर्ग लोळायचा बाकी राहिला. माझं मलाच कळेना, तोंडातून हे काय निघतंय. खरं बोलायला गेले आणि सगळ्यालाच नाही म्हणून बसले! मग लक्षात आलं. आमच्या किनाऱ्यावर कुणी सरळ उत्तर देतच नाही. होडी लागते, आत बांगडे फडफडत असतात, होडी पाण्याच्या वर जेमतेम चार बोटं राहिलेली असते. काठावरचा विचारतो, "काय गावला रे?" आणि होडीतला म्हणतो, "खंय, काय नाय." आहे म्हटलं की नजर लागते. तसंच दर्यावर निघालेल्याला 'खंय चललंस' कुणी विचारत नाही. चुकून विचारलंच तर तो माणूस परत घरात येतो, घोटभर पाणी पितो, टेकतो आणि मगच पुन्हा निघतो. असल्या गावात मी वाढले. माझ्या जिभेला 'काय नाय'ची सवय, आणि परीक्षेला हवं होतं 'आहे, आणि फार छान आहे'.

"ही तुमची खरी उत्तरं?" सर म्हणाले. "यापेक्षा आजोबांचं घड्याळ बरं."

"मग त्या घड्याळाचा पट्टा कसा होता ते सांगा, सर."

सर लाल झाले. म्हणाले, "सिस्टर, मी इथे लोकांना पास करायला बसलोय. होममेकर म्हणणार असाल तर उद्या या."

"मग नाही येत," मी म्हटलं आणि जिना उतरले. मागे वळले नाही.

सुट्टीला घरी गेले तेव्हा प्रश्न विचारायला माणूस हवं होतं. समोरून कुणी विचारल्याशिवाय माझं तोंड उघडत नव्हतं. बाबा खलाशी, ते दर्यात. राहिली आई. परीक्षेतला पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला असतो, तेवढा मी तिला पाठ करून घेतला: व्हेअर आर यू फ्रॉम? ती मासळी दारात ओरडून विकते त्याच सुरात म्हणायची, "व्हेअरार यू फ्रॉऽऽम?"

मी सवयीने म्हटलं, "आय अ‍ॅम फ्रॉम सावंतवाडी."

मासे निवडणारा आईचा हात थांबला. "सावंतवाडी? थंय तुझा कोण आसा?"

"आये, तुला इंग्रजी कुठे कळतं?"

"इंग्रजी कळना नाय, पण गावाचा नाव कळता मां! परत सांग."

परत सांगितलं. मिठबाव. पुढचे प्रश्न ती मालवणीत विचारी, मी इंग्रजीत बोले आणि मग ती म्हणे, काय म्हटलंस ता माका सांग. एकदा मी धीर करून म्हटलं की मी चांगली नर्स आहे, पेशंटांचा माझ्यावर विश्वास आहे. तिला मराठीत सांगितलं मात्र, आई अंगावरच आली.

"शिरा पडो तुझ्या तोंडार! आपल्या तोंडान आपली बढाई कोण सांगता?"

झालं! सर म्हणतात फुगवून सांग, आई म्हणते सांगूच नको. आणि मधल्या मध्ये माझं इंग्लंड चाललं बुडायला. मी तिच्याशी कडाकडा भांडले. ती पण कमी नाही. शेवटी दोघी एकमेकींकडे पाठ करून जेवलो.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर पाटी घेऊन वरच्या गावी गेले, राग डोक्यात तसाच. एस्टीत कंडक्टरने विचारलं, "काय गो, आज म्हावरा बरा गावला वाटता?" आई म्हणाली, "खंय रे, काय नाय." मी मनात म्हटलं, घ्या. पण पहिल्या अंगणात पाटी उतरली आणि बाईचं तोंड सुटलं.

"बघ गो, ह्या बांगड्याचे डोळे बघ! सकाळी दर्यात होतो, आता तुझ्या दारात इलो. हात लाव, हात लाव, घट्ट कसो आसा! तुझो घोव आज दोन घास जास्त जेवतलो."

परतताना मी तिला धरलं. "कंडक्टरला काय नाय म्हणालीस, आणि इथे एवढी बढाई?"

"कसली बढाई?" ती खरंच चकित झाली. "कंडक्टराक काय बांगडे इकूचे होते? आणि बांगड्याक बरो म्हटलंय तर ती माझी बढाई कशी? बांगडो काय मी केलंय? दर्याचो तो."

मी रस्त्यातच उभी राहिले. स्वतःला बरी म्हणायचंच नाही! माझ्या वॉर्डातले एक आजोबा, खरे आजोबा, कंबरेचं हाड मोडलेले, ज्या दिवशी माझा हात सोडून खिडकीपर्यंत चालले, त्यांचं सांगायचं. गावाचं सांगायचं. आईचं सांगायचं. यातलं मी काहीच केलेलं नव्हतं, मग तोंड भरून सांगायला कसली लाज? त्या दिवसापासून माझं तोंड उघडलं ते बंद होईना. भांडी घासतानाही मी इंग्रजीत बोलत असे. शेजारीण आईला म्हणाली, तुझ्या चेडवाक कायतरी झाला, बघ.

दुसऱ्या परीक्षेला मी घरूनच निघाले. आईने मला काही विचारलं नाही, काही सांगितलं नाही. चुलीकडे तोंड करून बसली होती. मी पेज खाऊन उठले तर तिने आणखी एका वाडग्यात पेज ओतली आणि वर झाकण ठेवलं. बाबा दर्यात गेले की ते परत येईपर्यंत ती रोज असा एक वाडगा झाकून ठेवते. मी ते बघितलं आणि गुपचूप निघाले.

पणजीला या वेळी परीक्षक एक गृहस्थ होते. पहिला प्रश्न तोच, गाव कोणतं. मिठबाव, मी म्हटलं, आणि कुठे आहे तेही सांगितलं. चिठ्ठी निघाली: घरातल्या कष्टाळू माणसाबद्दल बोला. अगो बाय माझे! मी फिश म्हटलं, बास्केट म्हटलं, टपावरची पाटी सांगितली, खिडकीतून निघणारी मान सांगितली. ते हसले. व्याकरण माझं इकडेतिकडे धडपडत होतं, पण मी थांबत नव्हते. मग त्यांनी विचारलं, "तू इंग्लंडला जावंस असं तुझ्या आईला वाटतं का?"

याचा नमुना कुठल्याच झेरॉक्समध्ये नव्हता. आणि मला खरंच माहीत नव्हतं. आईला मी ते कधी विचारलंच नव्हतं, आणि तिनेही मला कधी जा म्हटलं नाही की जाऊ नको म्हटलं नाही. मी म्हटलं, आमच्याकडे जाणाऱ्याला विचारत नाहीत. माझे वडील समुद्रावर जातात तेव्हा आई त्यांना कुठे, कधी काहीच विचारत नाही. ती त्यांच्यासाठी पेजेचा वाडगा झाकून ठेवते. आज सकाळी तिने माझ्यासाठी ठेवलाय.

"थँक यू," ते म्हणाले. "वेळ संपली."

मी पास झाले. चांगली पास झाले. सावंतवाडीला क्लासवर गेले तेव्हा सगळे पेढे आणतात म्हणून मी सुके बांगडे नेले, वर्तमानपत्रात बांधून. "फिश, सर," मी म्हटलं. "वास येईल." सरांनी पुडकं हातात घेतलं, हुंगलं आणि घरी घेऊन गेले. या मुलखात राहून सुक्या बांगड्याला नाही कोण म्हणणार?

निघायच्या दिवशी आई एस्टीच्या थांब्यावर आली ती पाटी घेऊनच, कारण तिची गाडी माझ्यानंतर होती. आणखी चारजणी पाटीवाल्या होत्या. कुणी मला खंय चललंस विचारलं नाही, कधी येतलंस विचारलं नाही. आई पाटीवरचं फडकं उगाच सारखं करत होती. माझी बस आली, मी चढले, खिडकीशी बसले. ड्रायव्हरने गाडी चालू केली तेव्हा ती एकदम खिडकीखाली आली, मान वर केली आणि त्याच सुरात म्हणाली,

"व्हेअरार यू फ्रॉऽऽम?"

अख्खी गाडी आमच्याकडे बघायला लागली. माझ्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा.

"मिठबाव," मी म्हटलं.

"मोठ्यान सांग," आई चालत्या गाडीबरोबर येत ओरडली. "आयकाक येना नाय!"

मी खिडकीतून मान बाहेर काढली आणि ओरडून सांगितलं.