नळीवरचे तीन ठिपके

पन्नास वर्षं नांदेडात बंदुका दुरुस्त केल्या. कानशीखाली भुगा साचतो तसे किस्से साचत गेले. झाडून टाकायचं मन झालं नाही. शाळा पाहिली नाही, म्हणून मी सांगतो अन् नात लिहून घेते.

*

काम शिकायला गेलो, त्या पहिल्याच दिवशी उस्तादांनी एक जुनं रिव्हॉल्वर हातात दिलं अन् डोळे मिटायला लावले. नळीवरच्या अक्षरांवरून नख फिरव म्हणाले. मला वाचता येत न्हाई, असं लाजत सांगितलं.

"पढना नक्को. कडा लागतात का, तेवढं सांग."

कडा नखाला टोचल्या तर वरची निळी झाक कंपनीची. गुळगुळीत लागल्या तर कुणीतरी बफ मारून, म्हणजे फिरत्या चाकावर घासून, नवी चढवलेली. इंग्रजी अक्षरं मला आजही नखानं ओळखता येतात, वाचता येत नाहीत!

*

देगलूरचे एक पाटील आजोबांचं रिव्हॉल्वर घेऊन आले. आरशासारखं चकचकीत. एकदम ओरिजनल हाय, दर दसऱ्याला पूजेआधी चिंच लावून घासतो, म्हणाले. नख फिरवलं, काहीच लागलं नाही. आधी चहा सांगितला, मग म्हटलं, "पाटील, हत्यार आजोबांचं, चमक तुमची."

पाटील हसले. पुढचा दसरा कोरड्या फडक्यावर भागवला.

*

शिकाऊ होतो तेव्हा औशाचे एक आप्पा रिव्हॉल्वरला तेलपाणी करायला आले. नळीवर ओळीत तीन तपकिरी ठिपके. दोन जवळजवळ, मग बोटभर जागा सोडून तिसरा. मला वाटलं गंज. न विचारता पॉलिश पेपर उचलला.

उस्तादांनी मनगट धरलं. "नक्को घासू. घरच्यांची खूण असंल."

आप्पांनी नुसती मान हलवली. मला मात्र राग आला होता.

*

यंदा आप्पा वारले. परवा त्यांची दोन मुलं तेच रिव्हॉल्वर अन् लायसन घेऊन आली. बाकाच्या दोन टोकांना बसली. धाकट्याचं म्हणणं, थोरल्यानं बाबांचं हत्यार बदललं. दुसरंच रंगवून, त्यावर तोच नंबर ठोकून ठेवलंय.

"हे मूळचं न्हाई निघालं, तर पुन्हा याचं तोंड बघणार न्हाई."



नख फिरवलं. कडा टोचल्या. मुठीचं लाकूड काढलं, खाली निळं जसंच्या तसं. नळी उजेडात धरली अन् ते तीन ठिपके दिसले. झाक मूळची हाय, म्हटलं. बफ लागला असता तर आधी हे गेले असते. बोलता बोलता उस्तादांनी धरलेलं मनगट मी चोळत होतो.

ठिपके कसले, धाकट्यानं विचारलं. मला माहीत नव्हतं. थोरला पहिल्यांदा बोलला.

"आई दसऱ्याला ओल्या कुंकवाची बोटं टेकवायची."

धाकट्यानं आपली चार बोटं नळीवर ठेवली. तीन बोटं ठिपक्यांवर बसली. करंगळीशेजारचं कोऱ्या निळ्यावर.

"हे बोट तिचं कडब्याच्या मशिनीत गेलं होतं," तो हळूच म्हणाला.

बराच वेळ त्यानं हात उचलला नाही. मग बाकावर थोडं सरकला.

"दादा, इकडं बस की."