खुसपटकाका आणि साठ गुडघे

आमच्या क्रीडा-दुखापत विभागात आकडेमोड तपासणारे एक काका आहेत. समोर सगळे त्यांना 'काका' म्हणतात आणि पाठीमागे 'खुसपटकाका'. विभागातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक शोधनिबंधावर त्यांची सही लागते. ही विभागप्रमुखांनी कधीतरी करून ठेवलेली मोठी चूक आहे, असं माझं बरीच वर्षं ठाम मत होतं.

काकांचा कशावर म्हणून विश्वास नाही. भिंतीवरच्या घड्याळावर नाही, लिफ्टवर नाही, वजनकाट्यावर तर मुळीच नाही. सकाळी आल्याआल्या ते पाच किलोचं वजन काट्यावर ठेवून बघतात, मान हलवतात आणि तेच वजन पुन्हा ठेवून बघतात. चहा आला की कप उचलून आधी त्याचा तळ बघणार. एकदा मी विचारलं, "काका, काय शोधताय?" तर म्हणाले, "तडा." तडा नव्हता. तरी चहा त्यांनी दुसऱ्या कपात ओतून घेतलाच.

अशा माणसाच्या टेबलावर बुधवारी सकाळी मी माझा निबंध ठेवला. मांडीमागचा स्नायू आखडलेल्या साठ धावपटूंना आम्ही सहा आठवडे एक व्यायाम दिला होता. खेळाडूला उताणं झोपवायचं, मांडी उभी धरायची आणि गुडघा किती अंश सरळ होतो ते दोन पट्ट्यांच्या कोनमापकाने मोजायचं. सुरुवातीला एकदा आणि सहा आठवड्यांनी पुन्हा. सरासरी सात अंशांची सुधारणा आली होती. मोजमापं घेतली माझ्या धाकट्या नणंदेने. ती आमच्याच विभागात फिजिओथेरपिस्ट आहे, आणि निबंधावर माझ्यानंतर तिचं नाव होतं.

सारांश अडीचशे शब्दांत कोंबून झाला होता, संदर्भ लावून झाले होते, तक्ते सुटसुटीत करून झाले होते. संपादकांना लिहायचं गोडगोड पत्रसुद्धा तयार होतं. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत निबंध नियतकालिकाकडे गेला तरच मला कायम करण्याची फाईल पुढे सरकणार होती. सहा वर्षं मी दरवर्षी नव्या करारावर सही करत आले होते. मला ती कायमची नोकरी हवी होती, त्यात आडपडदा कशाला ठेवू!

गुरुवारी काकांनी बोलावलं. "मॅडम, मूळ फॉर्म कुठे आहेत?"

"कशाला? सगळं शीटमध्ये आहे की."

"शीट तुम्ही भरलंय."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. यांचं नाव लेखकांत घातलं नाही म्हणून हा उद्योग चाललाय, असं मनात आलं. पण काकांनी शीट माझ्याकडे फिरवलं आणि पेन्सिलीचं टोक पहिल्या रकान्यावर ठेवलं. "सुरुवातीची मापं. फक्त शेवटचा अंक बघा."

पंचावन्न, साठ, पन्नास, पंचावन्न, पंचेचाळीस. सगळे शून्यावर नाहीतर पाचावर. त्यात नवल नव्हतं. कोनमापकावरच्या रेघा बारीक असतात, खेळाडू कळवळत असतो, आपण जवळचा पाच पकडतो आणि लिहून मोकळे होतो. आमच्या धंद्यात सगळ्यांच्या हाताला हीच सवय.

"आता सहा आठवड्यांनंतरची."

त्रेसष्ट, सदुसष्ट, अठ्ठावन्न, एकसष्ट, बावन्न.

"हात तोच," काका म्हणाले, "मग सवय अशी एकदम कशी सुटली?"

एवढंच बोलून त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. पुढचं सगळं माझ्या डोक्याने केलं. बनावट आकडे लिहिणारा माणूस पाच आणि शून्य मुद्दाम टाळतो, हे मी कुठेतरी वाचलं होतं. मग एकेक आठवायला लागलं. त्या दिवसांत नणंदबाईंच्या हातात सतत मोबाईल. रोज वेळेआधी काम संपलेलं. "किती झाले गं?" विचारलं की "झाले की सगळे!" कुठेतरी पाणी मुरतंय हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. काकांच्या टेबलापासून उपचारखोलीपर्यंत पंचवीस पावलं असतील. तेवढ्यात माझ्यापुरता खटला चालून निकालही लागला होता.

ती पलंगावरचं रेक्झिन पुसत होती.

"सहा आठवड्यांची मापं तू खरंच घेतलीस?"

"म्हणजे?"

"म्हणजे घरी बसून आकडे टाकलेस का, असं विचारतेय."

ती आधी हसली. मग माझा चेहरा बघून थांबली.

"केसाने गळा कापलास माझा," मी म्हणाले. "तुझं नाव काढून टाकतेय मी."

तिने कपाट उघडलं, फॉर्मचा गठ्ठा माझ्या हातात ठेवला आणि बाहेर निघून गेली.

प्रत्येक फॉर्मवर तळाशी शेऱ्याचा रकाना होता. त्यात तिच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, 'कोनमापकाचा स्क्रू ढिला. माप मोबाईलच्या ॲपने घेतले.' साठच्या साठ फॉर्मवर. हे फॉर्म शीटमध्ये चढवले होते मी. नजर फक्त कोनाच्या चौकटीवर होती, आणि शेऱ्याचा रकाना तक्ता सुटसुटीत दिसावा म्हणून मीच उडवला होता. मला माझी इतकी लाज वाटली की गठ्ठा घेऊन मी तिथेच पलंगावर बसले.

काकांना गठ्ठा नेऊन दिला. त्यांनी शेरा वाचला आणि मान हलवली.

"तुम्हालाही तिचाच संशय होता ना?" मी विचारलं. कुणीतरी सोबतीला हवं होतं.

"तिचा?" काका गोंधळले. "छे! चांगली मुलगी आहे ती. मला आकड्यांचा संशय होता. म्हणून तर फॉर्म मागितले."

शुक्रवारी सकाळी स्क्रू आवळून दहा खेळाडूंचे गुडघे दोन्ही पद्धतींनी मोजले. मोबाईल दर वेळी पाच-सहा अंश जास्त दाखवत होता. आमच्या सात अंशांतला उरला जेमतेम दीड. व्यायामाने फारसं काही झालंच नव्हतं. काकांनी सही केली नाही आणि मी मागितली नाही. पुढच्या महिन्यात मी सातव्या करारावर सही केली.

घरी सगळ्यांसमोर मी नणंदेची माफी मागितली. सासूबाई होत्या, हे होते. "असू दे गं, वहिनी," ती म्हणाली आणि ताटं घ्यायला उठली.

आता नव्या साठ खेळाडूंवर तोच अभ्यास पुन्हा चालू आहे. मापं तीच घेते. पूर्वी पडदा ओढून एकटी मोजायची. आता दर गुडघ्याला पडदा सारते आणि हाक मारते, "वहिनी, ये, बघून घे."

"अगं, काही गरज नाही," मी म्हणते.

ती कोनमापक तसाच धरून थांबते. खेळाडूचा पाय हवेत ताणलेला असतो, त्यामुळे मला जावंच लागतं.