आखाजीच्या आगारीवर चमचाभर वाईन

मित्रांनो, आज आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया. सकाळी पूजा आटोपून मी आयुष्यात पहिल्यांदा पारोळ्यातल्या दारूच्या दुकानाची पायरी चढलो. गळ्यात तुळशीची माळ होती.

वडील गेल्यानंतरची ही पहिली आखाजी. त्यांच्या पिण्यानं आम्ही सगळेच थकलो होतो. तरी परवा आई म्हणाली, "तुना बापले आवडे ते एक चमचा आगारीवर टाक." पितरांच्या नावानं निखाऱ्यावर घास टाकतो, ती आगारी.

देशी आणायला मन धजेना. वाईन तरी द्राक्षांची, अशी मी स्वतःची समजूत घातली. मोबाईलवर ती निम्म्या किमतीत दिसत होती, शिवाय घरपोच, म्हणजे कुणी बघणार नाही. दोन दिवस सवलती चाळल्या. शेवटी पत्ता टाकला, तेव्हा कळलं की पारोळ्याला ते पोहोचवतच नाहीत.

दुकानदार ओळखीचा निघाला. "भाऊ, रस्ता चुकले का काय?"

"वडिलांच्या आगारीसाठी पाहिजे," मी म्हणालो. त्याचं हसू मावळलं. "कागदात गुंडाळून देऊ?"

"नको, असू द्या."

घरी आईनं बाटलीचा वास घेतला. "हाई ते शरबत शे! त्यासले काय चढी?" वडील गेल्यापासून ती पहिल्यांदाच हसली.

गेलेल्या माणसाला तुम्ही त्याच्या खोडीसकट घास देता का? मला हे जड गेलं. पण माळ न काढता, वडिलांचं नाव घेऊन, मी चमचा निखाऱ्यावर रिकामा केला.